चार तासांचा दिवस : चार्ल्स डार्विन यांची दिनचर्या

परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघर एक देखावा दिसू लागतो. रात्रीचे बारा वाजून गेले तरी एका खोलीतील दिवा जळत असतो. आई मधून मधून उठून डोकावते आणि मुलगा पुस्तकावर वाकलेला पाहून समाधानाने परत जाते. मुलाचे डोळे ओळींवरून फिरत असतात खरे. पण तेच पान तो चौथ्यांदा वाचीत आहे, हे त्या माउलीस कोठून कळावे? आमच्या विद्यार्थिदशेत आम्हीही असे पुष्कळ दिवे जाळले आहेत. एका वर्षी तर परीक्षेच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत बसून आम्ही भूमितीचे सिद्धांत घोकले, आणि सकाळी प्रश्नपत्रिका हाती पडताच त्यांतील एकही धड आठवेना. त्या दिवसांत पुढील चरित्र कोणी आम्हांस सांगितले असते तर फार बरे झाले असते, असे वाटते. म्हणून ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

हे चरित्र सुप्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांचे होय. त्यांच्या उत्क्रांतिवादाचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस वर्गात होतोच, व त्या मतावरून जे वाद माजले त्यांत आम्हांस येथे शिरावयाचे नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळेच. ज्या पुरुषाने डझनाहून अधिक ग्रंथ लिहिले, ज्याच्या पत्रव्यवहारातील सुमारे १५,००० पत्रे आज उपलब्ध आहेत, तो पुरुष आयुष्याची चाळीस वर्षे दिवसाकाठी जेमतेम चार तास काम करीत असे. तेही सलग नव्हे, तीन तुकड्यांत. आणि या तुकड्यांमधली विश्रांतीही तो कामाइतक्याच काटेकोरपणे पाळीत असे.

चार्ल्स डार्विन यांचा जन्म इंग्लंडातील श्रूझबरी या गावी १२ फेब्रुवारी १८०९ रोजी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे तेथील नामांकित डॉक्टर. चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच आई वारली. पुढे त्यास गावातल्याच एका जुन्या शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. घर तेथून मैलभर अंतरावर होते. संध्याकाळची हजेरी झाल्यावर दारास कुलूप लागण्यापूर्वी जो थोडा अवकाश मिळे, तेवढ्यात हा मुलगा धावत घरी जाई, बहिणींस व कुत्र्यांस भेटे आणि धावतच परत येई. उशीर होईल असे वाटले की तो वाटेत देवाची प्रार्थना करी; आणि वेळेवर पोहोचला म्हणजे त्याचे श्रेय आपल्या पायांस न देता प्रार्थनेसच देई, असे त्यांनी म्हातारपणी मोठ्या गमतीने लिहून ठेविले आहे.

शाळेत मात्र त्याची गती साधारणच होती. व्हर्जिल व होमर या कवींच्या चाळीस-पन्नास ओळी तो सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये बसल्या बसल्या पाठ करी, आणि अठ्ठेचाळीस तासांत त्यांतील प्रत्येक ओळ विसरून जाई. आमच्या वाचकांपैकी कित्येकांस हा अनुभव ओळखीचा वाटेल! वडिलांनी त्यास १८२५ साली वैद्यकीचा अभ्यास करण्यासाठी एडिंबरो येथे धाडले. तेथे हिवाळ्यात सकाळी आठ वाजता औषधिशास्त्रावर व्याख्याने होत. ती इतकी रुक्ष असत की त्यांची आठवण डार्विन यांस जन्मभर नकोशी वाटे. भूल देण्याचे औषध त्या काळी निघालेले नव्हते. एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया पाहवेना म्हणून हा तरुण तेथून पळत सुटला, तो पुन्हा त्या खोलीत गेला नाही. वैद्यकी सुटली. मग धर्मोपदेशक व्हावे म्हणून केंब्रिज येथे तीन वर्षे काढली, व १८३१ साली साधी पदवी मिळाली. पण मन रमले ते भुंगे गोळा करण्यात आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यापक हेन्स्लो यांच्याबरोबर रानोमाळ हिंडण्यात. याच हेन्स्लो यांच्या शिफारशीमुळे त्यांस बीगल नावाच्या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची संधी लाभली.

हे जहाज २७ डिसेंबर १८३१ रोजी निघाले व २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आले. या पाच वर्षांत डार्विन यांनी काय काय पाहिले ते अनेक पुस्तकांत आले आहे, सबब त्याची पुनरुक्ती करीत नाही. आम्हांस त्या जहाजाच्या मागील बाजूच्या एका लहानशा खोलीत क्षणभर थांबावयाचे आहे. खोलीत एक मोठे मेज होते. त्याच्या एका अंगास जहाजावरील एक अधिकारी नकाशे काढीत बसे. दुसऱ्या अंगास सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन डार्विन बसत. जहाज लहान आणि समुद्र खवळलेला. त्यांत डार्विन यांस समुद्र कधीच मानवला नाही. पाच वर्षे पोटात ढवळे ते ढवळतच राहिले. तासभर काम केले की चक्कर येई. मग सोबत्यास तसे सांगून ते मेजाच्या एका कडेस आडवे होत, काही वेळ डोळे मिटून पडत, आणि बरे वाटताच उठून पुन्हा यंत्रास डोळा लावीत. थोड्या वेळाने पुन्हा आडवे होण्याची पाळी येई. हे त्या अधिकाऱ्याने पुढे स्वतःच कळविले आहे.

आम्हांस या चित्रात मोठा अर्थ दिसतो. दुसरा एखादा आज प्रकृती बरी नाही म्हणून दिवसभर पडून राहिला असता. तिसरा दात-ओठ खाऊन बसून राहिला असता व त्याच्या हातून चुका झाल्या असत्या. डार्विन यांनी दोन्ही केले नाही. जेवढा वेळ डोके ठिकाणावर आहे तेवढा वेळ काम, मग आडवे होणे, मग पुन्हा काम, असा क्रम त्यांनी नाइलाजाने धरला, व तोच त्यांच्या अंगवळणी पडला. त्या अडचणीच्या जागेत प्रत्येक वस्तू जेथल्या तेथे ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे आपणांस व्यवस्थित काम करण्याची सवय जडली, आणि मिनिटे सांभाळली म्हणजे वेळ वाचतो हा धडाही आपण बीगलवरच शिकलो, असे ते पुढे मुलांस सांगत.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या प्रकृतीने दगा दिला. छातीत धडधड, पोटाची व्यथा, ओकाऱ्या, डोकेदुखी आणि विलक्षण थकवा. या दुखण्याचे मूळ काय, याविषयी डॉक्टरांत आजही एकमत नाही. कोणी पाहुणा आला व त्याच्याशी अर्धा तास उत्साहाने बोलणे झाले, तर त्याचे प्रायश्चित्त रात्रभर भोगावे लागे. मामेबहीण एमा वेजवुड यांच्याशी २९ जानेवारी १८३९ रोजी त्यांचा विवाह झाला, आणि १८४२ साली हे कुटुंब लंडनची गजबज सोडून केंट परगण्यातील डाउन या खेड्यात राहावयास गेले. तेथेच डार्विन यांचे उरलेले सर्व आयुष्य गेले. तेथील त्यांची दिनचर्या त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी बारकाईने टिपून ठेविली आहे.

डार्विन पहाटे लवकर उठत व थोडे फिरून येत. पावणेआठाच्या सुमारास एकट्यानेच न्याहारी करून ठीक आठ वाजता अभ्यासिकेत शिरत. आठ ते साडेनऊ हा दीड तास त्यांस सर्वांत मोलाचा वाटे, आणि जे काम सर्वांत अवघड ते या वेळी होई. साडेनऊ वाजले की ते बाहेर दिवाणखान्यात येत. टपाल पाहत, घरची पत्रे आली असल्यास कोचावर पडून ती वाचून घेत, किंवा पत्नी एखादी कादंबरी वाचीत ती ऐकत. साडेदहा वाजता पुन्हा अभ्यासिका. बारा-सव्वाबारा वाजेपर्यंत काम केले की दिवसाचे मुख्य काम संपले असे ते समजत, आणि काम चांगले झाले असल्यास तसे समाधानाने बोलूनही दाखवीत. दुपारी बारा वाजता! ज्या घटकेस आपल्याकडे सुटीच्या दिवशी कित्येक विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा मुहूर्तही लागलेला नसतो, त्या घटकेस या गृहस्थांनी दिवसाचा मोठा वाटा आटोपलेला असे.

मग पाऊस असो वा ऊन, ते फिरावयास निघत. प्रथम काचगृहातील रोपांवर एक नजर, आणि नंतर सँडवॉक नावाची, झाडीतून वळसा घेऊन जाणारी वाळूची पायवाट. तिच्या आरंभी ते गारगोट्यांची लहानशी रास ठेवीत व प्रत्येक फेऱ्यास एक गारगोटी पायाने बाजूस सारीत. म्हणजे किती फेरे झाले हे मोजण्यात डोके गुंतवावे लागू नये. उतारवयात पॉली नावाची पांढरी टेरिअर कुत्री त्यांच्याबरोबर असे. ते इतके संथ चालत व मधून मधून असे निश्चल उभे राहत की एकदा खारीची पिले त्यांच्या पाठीवर व पायांवर चढली, आणि त्यांची आई झाडावरून जिवाच्या आकांताने ओरडत राहिली.

जेवणानंतर वर्तमानपत्र, त्यानंतर पत्रांची उत्तरे. तीन वाजता वर जाऊन कोचावर पडावयाचे व पुन्हा कादंबरी ऐकावयाची. पुष्कळदा ऐकता ऐकता डोळा लागे. वाचन थांबले तर जाग येईल म्हणून एमाबाई तशाच वाचीत राहत, आणि कथेचा तेवढा भाग बुडाला म्हणून डार्विन मागाहून हळहळत. चार वाजता पुन्हा फिरणे, साडेचार ते साडेपाच पुन्हा काम. हा झाला तिसरा तुकडा. त्यानंतर पुन्हा विश्रांती, हलके जेवण, आणि रात्री पत्नीबरोबर बॅकगॅमन नावाच्या सोंगट्यांच्या खेळाचे बरोबर दोन डाव. कमी नाही, जास्त नाही. या डावांचाही त्यांनी हिशेब ठेविला होता. १८७६ साली एका मित्रास त्यांनी कळविले की पत्नीने २,४९० डाव जिंकले असून आपण २,७९५ जिंकले आहेत. डाव हरत चालला की ते लटक्या रागाने फासे व नशीब यांस बोल लावीत. नंतर थोडे वाचन, पत्नीचे पियानोवादन, आणि साडेदहाच्या सुमारास अंथरूण.

दीड, दीड आणि एक. झाले चार तास. एवढ्यात काय होणार, असा प्रश्न पालकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की ते चार तास निर्भेळ होते. अभ्यासिकेत शिरल्यावर दुसरे काही नाही. तपकीर ओढण्याची त्यांस सवय होती; ती बसल्या जागी हाताशी राहू नये म्हणून तपकिरीची बरणी त्यांनी मुद्दाम बाहेरच्या मेजावर ठेविली होती. जड ग्रंथ हाती धरण्यास अवघड पडे, म्हणून ते खुशाल मधोमध फाडून त्याचे दोन भाग करीत (आमच्या ग्रंथालयाच्या पुस्तकांवर हा प्रयोग कोणी करू नये!). आणि जेवणास किंवा फिरावयास जाण्यापूर्वी दहा मिनिटे उरली असली, तर आता एवढ्यात काय आरंभावे असे म्हणून ती त्यांनी कधी दवडली नाहीत. दहा मिनिटांच्या कामात व पंधरा मिनिटांच्या कामात त्यांस खरोखरीचा फरक वाटे. जो मनुष्य दिवसातून अनेकदा कोचावर पडतो, त्यास पाच मिनिटांची एवढी किंमत वाटावी, हे प्रथमदर्शनी विसंगत दिसते. पण त्यांच्या मते विश्रांती म्हणजे वेळ दवडणे नव्हे. पुस्तक उघडे टाकून त्यापुढे रिकाम्या डोक्याने बसणे हे दवडणे. मजकूर सांगता सांगता शक्ती संपली असे वाटताच ते वाक्य अर्धवट सोडूनही थांबत.

हल्ली विद्यार्थिवर्गात एक पद्धत बरीच रूढ झाली आहे. पंचवीस मिनिटे अभ्यास, मग पाच मिनिटे विश्रांती. असे चार फेरे झाले म्हणजे मोठी विश्रांती. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने गेल्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरात वापरावयाच्या टोमॅटोच्या आकाराच्या गजराच्या घड्याळावरून ती बसविली, म्हणून तिला त्या भाषेतील टोमॅटोचेच नाव, पोमोदोरो, मिळाले. पद्धत चांगली आहे. परंतु पंचवीस हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. डार्विन यांचा तुकडा जहाजावर एका तासाचा होता, डाउन येथे सकाळी दीड तासाचा, आणि सायंकाळी थकलेल्या शरीराने पुन्हा एकाच तासाचा. आपले मन कोठपर्यंत टिकते हे त्यांनी स्वतःवरून मोजले, आणि तेथे खूण केली. मोबाइलवर पाच मिनिटांसाठी म्हणून डोळे लावून जे पाऊण तासाने वर पाहतात, त्यांनी सँडवॉकवरील गारगोट्यांचा अवश्य विचार करावा; संख्या ठरलेली होती, आणि शेवटची गारगोटी सरली की फेरेही सरत.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. डार्विन यांस पोटासाठी नोकरी करावी लागली नाही. वडिलांची संपत्ती होती, घरात नोकरचाकर होते, आणि या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे एमाबाई होत्या. पतीस बोलून बोलून थकवा येऊ नये म्हणून पाहुण्यांस सांभाळणे, दुखण्यात शुश्रूषा करणे, तासन् तास वाचून दाखविणे, हे सर्व त्या करीत. आणि हे दहा मुलांचे संगोपन सांभाळून. त्या दहांपैकी तीन मुले अल्पवयातच गेली. चार तासांच्या त्या दिवसामागे या माउलीचे किती तास होते, याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरी दोन खोल्या व सात माणसे असतात, हे आम्ही जाणतो. तथापि डार्विन यांची अभ्यासिकाही काही तपोवन नव्हते. मुले कात्री, दोरा, मोजपट्टी, मलमपट्टी मागावयास खुशाल आत शिरत. फारच झाले म्हणजे वडील शांतपणे मान वर करून, आता पुन्हा न आलात तर चालणार नाही का, असे विचारीत. चार वर्षांच्या एका चिरंजीवांनी तर कामाच्या वेळी वडिलांनी खेळावयास यावे म्हणून त्यांस सहा पेन्सची लाच देऊ केली होती!

जहाजांच्या तळास व खडकांस चिकटून राहणाऱ्या बार्नाकल नावाच्या क्षुद्र प्राण्यांचा अभ्यास त्यांनी याच रीतीने १८४६ पासून १८५४ पर्यंत केला. आठ वर्षे! त्यांतील दोन दुखण्यात गेली. मुलांस वडिलांचे हे काम इतके अंगवळणी पडले की त्यांतील एकाने शेजाऱ्यांच्या घरी गेल्यावर, येथले बाबा आपले बार्नाकल कोठे करतात, अशी पृच्छा केली म्हणतात.

हा क्रम एकदा मात्र मोडला, आणि तो प्रसंग सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. जीवजाती कशा उत्पन्न झाल्या याविषयीचा आपला सिद्धांत डार्विन वीस वर्षे मनाशी घोळवीत होते. १८५८ च्या जूनमध्ये पूर्वेकडील बेटांतून आल्फ्रेड वॉलेस यांचे टपाल आले, व त्यांत तोच सिद्धांत मांडलेला होता. त्याच दिवसांत घरात तापाची साथ शिरली आणि २८ जूनला धाकटा मुलगा चार्ल्स दीड वर्षांचा होऊन वारला. १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे दोघांचे लेख एकत्र वाचले गेले. पण डार्विन तेथे जाऊ शकले नाहीत. यापुढे दिरंगाई शक्य नव्हती. तेरा महिने व दहा दिवस त्यांनी आपला ग्रंथ लिहिण्याचा ध्यास घेतला. मुद्रिते तपासता तपासता शरीर इतके खचले की ऑक्टोबर १८५९ मध्ये ते इल्कली येथे जलोपचारासाठी जाऊन राहिले. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी तो ग्रंथ निघाला. पहिली आवृत्ती १,२५० प्रतींची. जगात खळबळ उडाली तेव्हा ग्रंथकर्ते आजारी होऊन दूरच्या गावी पडले होते. घरी परतल्यावर त्यांनी पुन्हा आठ वाजता अभ्यासिकेचे दार उघडले.

त्यानंतरची बावीस वर्षे तोच क्रम चालला, आणि आमच्या मते त्यांचे खरे सामर्थ्य या वर्षांतच दिसून येते. ऑर्किड फुले, पाळीव प्राणी, मनुष्याची उत्पत्ती, चेहऱ्यावरील भाव, कीटक खाणाऱ्या वनस्पती, वेली. एकामागून एक ग्रंथ निघत गेले. बाहेरगावी विश्रांतीस जावे असा घरच्यांनी आग्रह धरला की ते सहा दिवसांचे पाच होतील का, म्हणून घासाघीस करीत. शेवटचा ग्रंथ गांडुळांवर, तो १८८१ साली प्रसिद्ध झाला. तरुणपणी आरंभिलेली निरीक्षणे त्यांनी त्यासाठी म्हातारपणापर्यंत जपून ठेविली होती.

७ मार्च १८८२ रोजी फिरत असता छातीत कळ आली. त्यानंतर सँडवॉकपर्यंत जाणे झाले नाही. एप्रिलच्या मध्यास दुखणे बळावले. तरीही १७ एप्रिल रोजी, फ्रान्सिस घरी नव्हते म्हणून, त्यांच्या एका प्रयोगाची प्रगती वडिलांनी स्वहस्ते टिपून ठेविली. १९ एप्रिल रोजी दुपारी त्यांचे देहावसान झाले, व २६ तारखेस लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबी या मंदिरात त्यांस मूठमाती देण्यात आली. पॉली कुत्रीही थोड्याच दिवसांत गेली; तिला डाउनच्या बागेत एका सफरचंदाच्या झाडाखाली पुरले. ते घर आता सर्वांस पाहावयास खुले आहे. अभ्यासिका पूर्वीप्रमाणे मांडून ठेविली आहे, आणि मागच्या बागेतून निघून झाडीत वळणारी ती वाळूची वाटही तशीच आहे.